रंगीत खड्यांत हरवलेले निऑन

प्रश्न : आमच्याकडे फिश टँक आहे, ३६ इंच लांब, १५ इंच रुंद, १८ इंच उंच. वर्ष होत आलं. मासे तसे ठणठणीत आहेत : निऑन टेट्रा ५, एंजल २ (अजून नाण्याएवढेच आहेत), टायगर बार्ब ३, गप्पी ४, कॉरिडोरस २ आणि एक सकर. तळाला लाल-निळे-पिवळे खडे, मागे समुद्राचं पोस्टर, प्लास्टिकची झाडं, एक किल्ला आणि बुडबुडे सोडणारा शिंपला. लाइट सकाळी सातला लावतो, रात्री दहाला बंद करतो. एवढं करूनही टाकी बघत बसावी असं वाटत नाही. निऑन तर सतत कोपऱ्यात, आणि फिकुटलेले. काचेवर हिरवे ठिपके येतच राहतात. अजून काय आणून घातलं तर टाकी खुलून दिसेल?

उत्तर : सध्या काहीच आणू नका. तुमच्या टाकीत किल्ला ओरडतोय, खडे ओरडतायत, पोस्टर ओरडतंय, आणि या गलक्यात दीड इंचाच्या निऑनकडे कुणाचं लक्ष जाणार? आधी काढायचं, मग तळ आणि लाकूड-दगड, मग झाडं, आणि सगळ्यांत शेवटी मासे. याच क्रमाने गेलात तर दोन महिन्यांत टाकी ओळखू येणार नाही.

निऑन फिके का पडतात ते आधी समजून घ्या, कारण पुढचं बरंचसं त्यावरच अवलंबून आहे. निऑनच्या अंगावरची निळी रेघ रंगद्रव्याची नसते. कातडीतल्या अतिसूक्ष्म स्फटिकांच्या थरांवरून उजेड परततो म्हणून ती चमकते. खालचा लाल पट्टा मात्र रंगपेशींचा असतो. वर भगभगीत लाइट, खाली फिकट किंवा भडक तळ आणि शेजारी सतावणारे मासे असले की निऑन भोवतालात मिसळून जाण्यासाठी रंग आवरून घेतो. काळी पाठभिंत, गडद तळ, डोक्यावर पानांची सावली आणि सोबतीला स्वतःच्या जातीचे दहा-पंधरा मासे एवढं मिळालं, की तोच निऑन काही दिवसांत मोकळ्या पाण्यात येतो. रंग वाढवणारं खाद्य विकत घेण्यापेक्षा याचा गुण किती तरी जास्त येतो.

लाइटपासून सुरुवात करा, ते आजच होण्यासारखं आहे. पंधरा तास लाइट म्हणजे शेवाळाला आमंत्रण. साधा टायमर लावा आणि रोज सहाच तास लाइट ठेवा, तेही तुम्ही टाकीसमोर असता त्या वेळेत, म्हणजे दुपारी चार ते रात्री दहा. झाडं लावल्यानंतर तीन आठवड्यांनी दर आठवड्याला अर्धा तास वाढवत आठ तासांपर्यंत नेता येईल, त्यापुढे नको. पांढरा, ६५०० केल्विनचा एलईडी असेल तर तोच चालेल. फक्त तो टाकीच्या मागच्या कडेवर असेल तर पुढच्या तिसऱ्या भागावर सरकवा. उजेड मागून आला की माशाची आपल्याकडची बाजू सावलीत जाते. वरून-पुढून आला की तीच बाजू उजळते. एवढ्या सरकवण्याने पडणारा फरक तिथल्या तिथे दिसेल. काचेवरचे कडक हिरवे ठिपके स्पंजने निघत नाहीत. जुनं प्लास्टिक कार्ड किंवा काच असेल तरच ब्लेड तिरकी धरून खरवडा. ब्लेड कोपऱ्यातल्या सिलिकॉनला लागू देऊ नका, आणि चुंबकाचा ब्रश वापरत असाल तर तळाच्या दोन बोटं वरच थांबा. चुंबक आणि काच यांच्यात वाळूचा एक कण अडकला तर काचेवर कायमचा ओरखडा पडतो.

पोस्टर काढून मागच्या काचेला बाहेरून काळं मॅट व्हाइनिल लावा. टाकी भिंतीला टेकलेली असेल तर भरलेली सरकवायचा प्रयत्न करू नका, तिचं वजन दीडशे किलोच्या वर असणार. तळ बदलायच्या दिवशी ती जवळजवळ रिकामी होईल, तेव्हा हे काम उरका. काच बाहेरून स्वच्छ करून, लिटरभर पाण्यात लिक्विड सोपचे तीन-चार थेंब टाकून ते तिच्यावर फवारा, व्हाइनिल ओल्या काचेवर सरकवत जागेवर आणा आणि कार्डाने मधून कडेकडे पाणी दाबत काढा. नुसती कोपऱ्यांना टेप लावली तर काच आणि कागद यांच्यात हवेचा थर राहतो आणि समोरून पाहताना तो पाऱ्यासारखा चमकतो. तुमच्या पोस्टरवर असे रुपेरी डाग दिसत असतील तर ते त्याचेच. हे करताना टाकीच्या तोंडावर टॉवेल पसरून ठेवा. साबणाचा थेंबही आत जाता कामा नये.

आता तळ. हे काम एका दिवसात करायचं आहे आणि घाई करून चालणार नाही, कारण माशांची घाण पचवणारे जिवाणू काही प्रमाणात जुन्या खड्यांवर आणि मुख्यतः फिल्टरच्या स्पंजमध्ये राहतात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून निघणाऱ्या अमोनियाचं हे जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. खडे काढलेत आणि त्याच दिवशी फिल्टरही नळाच्या पाण्याखाली चोळून धुतलात, तर नळातलं क्लोरिन उरलेले जिवाणूही मारतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागतात. म्हणून तळ बदलण्याच्या आधीचे दोन आठवडे आणि नंतरचे तीन आठवडे फिल्टर धुऊ नका.

एका मोठ्या टबमध्ये टाकीतलंच ५० ते ६० लिटर पाणी घ्या, मासे त्यात सोडा, फिल्टर त्यातच चालू ठेवा आणि वर जाळी झाका. आणखी ३० लिटर जुनं पाणी बादल्यांत साठवा. मग खडे काढा. ढवळताना उठणारा काळा गाळ सायफनने (पाणी ओढून घेणाऱ्या नळीने) ओढून टाका. पूर्ण टाकी तुमच्या मापात काठोकाठ १५९ लिटरची होते, पण तळ, दगड आणि वरची रिकामी जागा वजा जाता पाणी साधारण १२५ लिटर बसतं. औषधाचा किंवा क्लोरिन काढणाऱ्या द्रावणाचा डोस काढताना नेहमी हा दुसरा आकडा धरा.

नवा तळ गडद तपकिरी किंवा करड्या नैसर्गिक वाळूचा असावा, दाणा १ ते २ मिलिमीटर, कडा गोल. अणकुचीदार खडीने कॉरिडोरसच्या मिशा झिजतात आणि मग त्यांना तळातलं अन्न हुंगता येत नाही. शुभ्र पांढरी वाळू टाळा. चार दिवसांत तिच्यावर तपकिरी शेवाळ आणि विष्ठा उठून दिसते, आणि निऑन पुन्हा फिके पडतात. आणण्याआधी चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाकून पाहा. फेस आला तर तिच्यात चुना आहे, ती पाणी जड करत राहील. तीच कसोटी दगडांनाही लावा.

वाळू सपाट पसरू नका. पाण्यातून आणि काचेतून पाहताना कोणतीही खोली साधारण पाऊणच दिसते. तुमची ३८ सेंटिमीटर रुंद टाकी समोरून २८-२९ सेंटिमीटरचीच वाटते. ही गेलेली खोली उतारानेच परत मिळते. समोर ३ सेंटिमीटर, मागे ९ ते १० सेंटिमीटर. एवढ्या उताराला तीसेक किलो वाळू लागेल, पण मागच्या भागात खाली भरण केलं तर वीस किलोत भागतं. तुमचेच जुने खडे टाकीच्या पाण्यात खळबळून नायलॉनच्या जाळीदार पिशव्यांत बांधा आणि मागे रचा. उतार घसरत नाही आणि झाडांची मुळंही त्यांतून जातात. आधी मात्र एका खड्यावर नख घासा. रंग निघाला तर ते खडे टाकीत नकोत. पिशव्यांवर किमान ४ सेंटिमीटर वाळू असू द्या, नाहीतर एखाद्या दिवशी जाळीचा कोपरा वर डोकावतो आणि सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं. वाळू मात्र आधी बादलीत थोडी थोडी घेऊन, पाणी नितळ निघेपर्यंत धुवा. दहा-बारा पाणी लागतात, कंटाळू नका.

दगड आणि लाकूड वाळूच्या आधी बसतात. टाकीच्या तळकाचेवर जिथे दगड यायचेत तिथे फोमचा पातळ तुकडा किंवा प्लास्टिकची जाळी टाका आणि दगड त्यावर ठेवा, वाळू नंतर भोवती भरा. वाळूवर नुसता ठेवलेला जड दगड कॉरिडोरसने खालून उकरला की कलंडतो, आणि तो काचेकडे कलंडला तर काय होईल ते सांगायला नको. दगड सगळे एकाच जातीचे घ्या, तीन किंवा पाच, आणि आकाराने ठळक वेगळे. त्यांच्या अंगावरच्या शिरा एकाच दिशेने कललेल्या ठेवा. प्रत्येक दगडाचा तिसरा हिस्सा वाळूत जाऊ द्या. पूर्ण उघडा दगड आणून ठेवल्यासारखा दिसतो, गाडलेला दगड तिथलाच वाटतो.

लाकूड एकच घ्या पण फांद्या असलेलं. मधोमध ठेवू नका. डावीकडून ५७ सेंटिमीटरवर, म्हणजे लांबीच्या साधारण ०.६२ भागावर, त्याचं बूड येऊ द्या आणि मोठी फांदी डावीकडच्या मोकळ्या जागेकडे झुकू द्या. सर्वांत उंच टोक पाण्याच्या दोन-तृतीयांश उंचीला थांबावं. डावीकडे जी मोकळी वाळू उरेल ती समोर १२ सेंटिमीटर आणि मागे जाता जाता ३ सेंटिमीटर रुंद अशी निमुळती ठेवा, वळणदार. मोठे दगड पुढे, लहान मागे. डोळा फसतो आणि टाकी दुप्पट खोल वाटते. पाणी भरण्याआधी टाकीच्या समोर, रोज जिथे बसता त्या उंचीवर डोळे आणून रचना बघा. वरून वाकून बघितलेली रचना समोरून नेहमी वेगळी निघते.

लाकूड दोन आठवडे आधीच बादलीत भिजत घाला, दर दुसऱ्या दिवशी पाणी बदला. पातेलं पुरेसं मोठं असेल तर तासभर उकळा. तरीही पाण्याला चहासारखा रंग येईल. त्यात अपाय काही नाही, निऑन मूळचे अमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातले, त्यांना असं पाणी मानवतं. नको असेल तर फिल्टरमध्ये अॅक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी टाका आणि तीन-चार आठवड्यांनी बदला. नव्या लाकडावर पहिल्या काही आठवड्यांत पांढरी, कापसासारखी बुळबुळीत साय येते. बहुतेक जण घाबरून लाकूडच फेकतात. ती निरुपद्रवी असते, जुन्या टूथब्रशने पुसून सायफनने ओढून घ्या, आपोआप थांबते.

झाडं पाच जातींपेक्षा जास्त नकोत. पण पहिल्याच दिवशी तळाचा अर्धा भाग तरी झाकला जाईल एवढी हवीत, कारण चार काड्या लावून वाट बघत बसलात तर तेवढ्या काळात शेवाळ जागा घेतं. मागच्या डाव्या कोपऱ्यात आणि कडेने व्हॅलिसनेरियाची बारा-पंधरा रोपं, मागे उजवीकडे हायग्रोफिलाच्या दहा-बारा काड्या, मधल्या पट्ट्यात क्रिप्टोकोरिन वेंडटीची सहा-सात रोपं, लाकडाच्या बेचक्यांत जावा फर्न आणि अनुबियास नाना प्रत्येकी तीन. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर यांपैकी कशालाच लागत नाही.

लावण्याच्या चुका मात्र प्रत्येक झाडाच्या वेगळ्या असतात. रोप कुंडीतून काढल्यावर मुळांभोवतीची खनिज लोकर आणि शिशाची पट्टी पूर्ण काढा, मुळं दोन बोटांएवढी छाटा. हायग्रोफिलाची जुडी एकत्र खोचू नका. तसं केलं तर मधल्या काड्यांना उजेड मिळत नाही आणि जुडी बुडापासून कुजते. प्रत्येक काडीची खालची पानं काढून, चिमट्याने, दोन-तीन सेंटिमीटर अंतराने लावा. व्हॅलिसनेरियाचा पांढरट गळा वाळूच्या वर राहिला पाहिजे, गाडला की सडतो. अनुबियास आणि जावा फर्नचं आडवं खोड तर वाळूत कधीच पुरायचं नाही. लाकडावर सुती दोऱ्याने बांधा किंवा जेल सुपर ग्लूचा थेंब लावून दहा सेकंद दाबून धरा. क्रिप्टोकोरिनची पानं पहिल्या पंधरवड्यात विरघळल्यासारखी गळून जातील. उपटू नका. मुळं जिवंत असतात, तीन-चार आठवड्यांत पाण्याखालची नवी पानं येतात. त्यांच्या आणि व्हॅलिसनेरियाच्या मुळांशी खताच्या गोळ्या दहा-बारा सेंटिमीटर अंतराने, दर दोन-तीन महिन्यांनी खोचा. 'लिक्विड कार्बन' म्हणून मिळणाऱ्या बाटल्यांपासून मात्र लांब राहा. त्यांत बहुधा ग्लुटराल्डिहाइड असतं आणि व्हॅलिसनेरिया त्याने विरघळून जाते. शिंपला, किल्ला आणि प्लास्टिकची झाडं आता परत ठेवायचा मोह होईल. ठेवू नका.

पाणी भरताना वाळूवर ताटली ठेवा आणि धार तिच्यावर सोडा, नाहीतर केलेला उतार पाच मिनिटांत सपाट होतो. आधी साठवलेलं जुनं पाणी, मग क्लोरिन काढलेलं आणि तितक्याच तापमानाचं नवं. पाणी दोन दिवस गढूळ राहील. फिल्टरमध्ये बारीक फायबर फ्लॉसचा नवा तुकडा तेवढ्यापुरता घाला, मूळ स्पंज तसाच ठेवून. पहिला आठवडा खाणं निम्मं करा आणि दुसऱ्या, चौथ्या व सातव्या दिवशी टेस्ट किटने अमोनिया आणि नायट्राइट तपासा. कोणताही आकडा ०.२५ पीपीएमच्या (दहा लाखात भाग) वर गेला तर लगेच ३० टक्के पाणी बदला. एरवी दर आठवड्याला पाव हिस्सा पुरे.

यंत्रं लपवायला विसरू नका. हीटर उभा लटकवण्याऐवजी आडवा, तळापासून वीतभर वर, लाकडामागे बसवा. फिल्टरच्या प्रवाहात असला की उष्णता सगळीकडे सारखी पोचते. पाणी बदलताना तो बंद करा, उघडा पडलेला गरम हीटर तडकतो. फिल्टरची नळी मागच्या उजव्या कोपऱ्यात हायग्रोफिलाआड घ्या. तासाला ५०० ते ७५० लिटर पाणी फिरवणारा फिल्टर या टाकीला पुरतो, आणि त्याच्या बाहेर पडणाऱ्या धारेने पृष्ठभाग हलता राहिला तर बुडबुड्यांची गरज नाही. फक्त पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडत नाहीत ना ते पहिले काही दिवस पाहा. तसं दिसलं तर रात्रीपुरता एअर पंप लावा. पाण्याची पातळी वरच्या पट्टीच्या कडेमागे जाईल इतकी ठेवा. पट्टीखाली दिसणारी पाण्याची रेघ आणि तिथला क्षारांचा पांढरा थर टाकीला कळकट करतो. तो थर काढायला पातळी बोटभर उतरवा, व्हिनेगरने ओलं केलेलं फडकं पाच मिनिटं दाबून धरा, पुसा, मग साध्या ओल्या फडक्याने पुन्हा पुसा आणि पाणी भरा.

राहता राहिले मासे, आणि इथे तुम्हाला मन घट्ट करावं लागेल. नाण्याएवढे एंजल वाढून वीतभर उंचीचे होतात आणि तेव्हा निऑन त्यांचं खाद्य असतं. एंजल किंवा निऑन, दोन्हींपैकी एकच जमेल. तुमची तळमळ निऑनसाठी आहे, म्हणून एंजल मोठी टाकी असलेल्या कुणाला तरी द्या. टायगर बार्ब तीनच असले की गप्पींच्या शेपट्या आणि एंजलचे लांब पंख कुरतडत बसतात. आठ-दहांच्या घोळक्यात ते आपसांतच भांडतात, पण मग ती टाकी त्यांची होते. तेही द्या. सकर फूटभराच्या वर जातो, लावलेली रोपं उपटतो आणि वाढत्या वयात शेवाळही फारसं खात नाही. त्याच्या जागी एकच ब्रिसलनोज (सकरचीच लहान जात) घ्या, तो पाच-सहा इंचांवर थांबतो. यातला कोणताही मासा नदीत, तळ्यात किंवा विहिरीत सोडू नका, सकर तर मुळीच नाही; तो तिथे तगतो, वाढतो आणि स्थानिक माशांच्या मुळावर येतो. गप्पी ठेवायचे असतील तर फक्त नर ठेवा. नेराइट गोगलगाय शेवाळासाठी उत्तम, पण गडद लाकडावर तिची पांढरी, चिकट अंडी ठिपक्यांसारखी उठून दिसतात आणि सहज निघत नाहीत, म्हणून या टाकीसाठी आम्ही ती सुचवणार नाही.

निऑन पाचावरून पंधरावर न्या आणि कॉरिडोरस त्याच जातीचे सहा करा. पण झाडं मुळं धरेपर्यंत, म्हणजे निदान तीन आठवडे, एकही नवा मासा नको. आणलेले मासे दोन आठवडे वेगळ्या टबमध्ये स्पंज फिल्टर लावून ठेवा. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर ते तिथेच दिसू देत, टाकीत नकोत. मग एका वेळी पाच-सहाच सोडा, दोन आठवड्यांच्या अंतराने, आणि लाइट बंद करून. पहिल्या सकाळी, लाइट लागायच्या आधी टाकीत डोकावलात तर नवे-जुने सगळेच निऑन राखाडी, जवळजवळ पारदर्शक दिसतील. ते आजारी नसतात. अंधारात रंग मिटवून घेणं ही त्यांची रोजची रीत आहे. लाइट लागल्यावर अर्धा तास थांबा आणि मग बघा.